सुट्टीतली चाल

साडेतीन वाजून गेले तरी थोरले पोशाखात शिरायला तयार नव्हते, आणि पाचच्या आत धाकट्यांना फोनवर हो की नाही ते सांगायचं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे त्या शेडमध्ये एकट्या टिकलीला ठाऊक होतं. ठाऊक झाल्यापासून, म्हणजे काल दुपारपासून, ती एका जागी पाच मिनिटं टेकली नव्हती.

"काका, पाय घाला."

"घालतो ना. पण आधी सांग, मी यात दिसतो कसा?"

"अजून घातलाय कुठे तुम्ही?"

"काल घातला होता. तुझी काकू म्हणाली, ओल्या वटवाघळासारखा."

"वाळलेल्या म्हणाले होते," काकू खुर्चीतून म्हणाली. "ओलं वटवाघूळ जरा भरलेलं तरी दिसतं."

थोरल्यांनी दुखावल्यासारखं तोंड केलं, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून स्टुलावर ठेवला आणि कण्हले. पोशाख काळा होता, मानेपासून घोट्यापर्यंत एकसंध, आणि इतका तंग की आत शिरताना माणसाला आपलं वय कळावं. त्यावर टिकली त्रेपन्न ठिकाणी चकाकते मणी चिकटवत असे. खांद्यांवर, कोपरांवर, गुडघ्यांवर, बुटांच्या टोकांवर. शेडच्या चारी भिंतींवरचे चोवीस कॅमेरे माणूस बघतच नसत, फक्त मणी बघत. त्या मण्यांवरून संगणक आतला सांगाडा जुळवी, आणि सांगाड्यावर मग टिकली अंग चढवी.

टिकली हे नाव तिला या धंद्यामुळे पडलेलं नव्हतं. दीड वर्षाची असताना तिने ट्रंकेतल्या सर्कशीच्या पोशाखावरून तीन टिकल्या उपटून गिळल्या होत्या. थोरले सांगत तेव्हा त्या सत्तावीस होत, आणि पुढे आठ दिवस पोरगी अंधारात लुकलुकत असे.

अंगाचं काम गेल्या आठवड्यात झालं होतं. गोल लावलेल्या साठ कॅमेऱ्यांच्या मधोमध थोरल्यांना हात पसरून उभं केलं, श्वास रोखायला सांगितला आणि सगळे कॅमेरे एकदम उडवले. थोरल्यांनी श्वास तर रोखलाच, वर पोटही आत ओढून धरलं. त्यामुळे संगणकातल्या थोरल्यांना आता कंबर होती. बाहेरच्यांना नव्हती.

हे सगळं चाललं होतं एका गेमवाल्या कंपनीसाठी. त्यांना सर्कशीच्या तंबूबाहेर बसणारा म्हातारा हवा होता. खेळणाऱ्याला थापा मारणारा, एका पायाने लंगडणारा. टिकलीने काकांचा फोटो पाठवला तेव्हा तासाभरात उलट उत्तर आलं होतं, 'माणूस पसंत. लंगडणं खरं आहे ना? आम्हाला खरंच हवंय.' टिकलीने लिहिलं होतं, 'एकतीस वर्षांचं आहे.'

आता ते वाक्य तिला दाताखालच्या खड्यासारखं लागत होतं.

*

याच शेडमध्ये एके काळी दोघे भाऊ झुल्याचा सराव करायचे. थोरले उडायचे, धाकटे, म्हणजे टिकलीचे बाबा, दुसऱ्या झुल्यावर गुडघ्यांनी उलटे लटकून झेलायचे. एकतीस वर्षांपूर्वी एका खेळात थोरल्यांचे हात धाकट्यांच्या हातात आले नाहीत. जाळीच्या कडेवर आपटून थोरले खाली गेले आणि डाव्या पायाचं हाड तीन ठिकाणी मोडलं. एवढं खरं. पुढचं सगळं थोरल्यांनी वाढवलेलं होतं. चाळीस फुटांचे साठ झाले होते, प्रेक्षकांत एक बाळंतीण होती तिचं बाळ किंचाळीसरशी जन्मलं होतं, आणि चूक कुणाचीच नव्हती, वारा आडवा आला होता. बंद तंबूत वारा कुठून आला, हे त्या घरात एकतीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

धाकट्यांनी तर नाहीच नाही. त्यांनी त्या दिवसानंतर कुणालाही झेललं नाही. ते मैदानांवरच्या खेळांसाठी जाळ्या विणत. रोज सकाळी आठ वाजता अंगण ओलांडून भावाकडे जात आणि गुडघ्यावर बसून त्याच्या डाव्या बुटाची नाडी बांधत, कारण थोरल्यांना तो पाय वाकवून तिथवर हात नेता येत नसे. नाडी बांधली की खांद्याचा आधार देऊन पाच पायऱ्या उतरवत. एका मोठ्या सर्कशीचं बोलावणं आलं तेव्हा धाकटे म्हणाले होते, दादाचा पाय. झेलणारे तयार करणाऱ्या शाळेने बोलावलं तेव्हाही तेच म्हणाले. नऊ वर्षांनी त्याच शाळेने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. आता त्या शाळेने तिसऱ्यांदा, नि स्पष्ट शब्दांत शेवटचं, विचारलं होतं. सहा महिने या, पोरांना हात शिकवा. गाव चार तासांवर. उत्तर आज पाचपर्यंत.

"मी बॅग भरलीय," आई म्हणाली. ती संगणकाच्या टेबलाशी उभी होती. आईने तरुणपणी सर्कशीचे दिवे सांभाळले होते, ती उगाच उभी राहिली तरी बटणांजवळ उभी राही. "दोघांचीही."

"भरलीस तशी रिकामी कर," धाकटे म्हणाले. त्यांच्या हातात थोरल्यांचे बूट होते. "इथे कोण आहे?"

"मी आहे की," काकू म्हणाली, पण कुणाकडे न बघता.

"वहिनी, तुमचेच गुडघे धड नाहीत. तुम्ही याला पायऱ्या उतरवणार?"

"जा रे तू," थोरले म्हणाले. आवाज एकदम मऊ. "खरंच जा. माझ्यापायी कुणी अडायचं नाही. मी बसेन वर. खिडकीतून दिसतं थोडंफार. जेवायला नाही उतरता आलं तर नाही जेवणार. या वयात तसंही दोन घास कमीच बरे."

"झालं," आई म्हणाली. "वाजवली पिपाणी."

"मी काय वाईट बोललो, सांग! मी जा म्हणालो."

"तुम्ही असं जा म्हणता भावजी, की उंबऱ्याबाहेरचा माणूसही आत येऊन बसतो."

टिकली खाली वाकून गुडघ्यावरचा मणी लावत होती. तिसऱ्यांदा. तो नीटच लागलेला होता. तिला वाटत होतं आत्ता बोलावं, आणि वाटत होतं तोंड शिवून घ्यावं. घड्याळात पावणेचार झाले होते.

*

थोरल्यांना 'सुरू' म्हटलं की ते नाटकी होत. छाती पुढे, हनुवटी वर, हात हवेत. सगळ्यांचंच थोडंफार होतं तसं, म्हणून टिकलीने एक युक्ती काढली होती. दोन-चार टेक झाले की ती मोठ्याने म्हणे, "झालं, सुट्टी!" आणि कॅमेरे चालूच ठेवी. सुट्टी म्हटल्यावर माणूस जसा हलतो तसा तो असतो. तिची निम्मी चांगली कामं सुट्टीतली होती.

काल सकाळी तिने काकांना सुट्टी दिली आणि एक फोन आला म्हणून ती बाहेर गेली. दुपारी ते उघडून बघायला बसली. पडद्यावर ठिपक्यांचा सांगाडा होता. तो खिडकीपर्यंत गेला, परत आला. दोन्ही पावलं सारखी. डावा गुडघा उजव्याइतकाच वाकत होता. मग सांगाडा शेडच्या मधोमध, जुन्या झुल्याचे हूक अजून आढ्याला आहेत त्यांच्याखाली, येऊन उभा राहिला. वर बघत होता बराच वेळ. मग चार पावलं मागे गेला, सहा पावलं पळाला, दोन्ही हात वर करून उडाला आणि उतरला. डाव्या पायावर.

तिने सकाळचे टेक पुन्हा तपासले. लंगडताना काकांचं प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाची नक्कल होतं. खरं लंगडणं थकतं. दहा पावलांनंतर वेगळं होतं, वळताना वेगळं होतं. हे पाठ केलेलं होतं, उत्तम पाठ केलेलं, एकतीस वर्षांच्या तालमीचं.

ती फाइल पुसायची की ठेवायची, यातच तिचा दिवस गेला होता. पुसली तर बाबा पाच वाजता नाही म्हणतील आणि उद्या सकाळी आठ वाजता नाडी बांधायला जातील. दाखवली तर जातील, पण कुठे आणि कसे, कोण जाणे. शेवटी तिने काहीच केलं नाही. काकांच्या सगळ्या टेकच्या तळाशी ती तशीच पडून होती.

"आधी कालचं दाखव," काकू म्हणाली. "मग हे ताजं करून दाखवतील. त्याशिवाय काही हे ऐकायचे नाहीत."

"दाखवते. बाबा त्यांना बूट घालू देत तोवर. आई, तिथलं काही दाबू नकोस हं."

हे वाक्य बोलायला नको होतं, हे टिकलीला बोलता बोलताच कळलं. आईला बटण दाबू नकोस म्हणणं म्हणजे मांजराला दुधाची वाट दाखवणं. सर्कशीत तिला एकदाच कुणी तसं सांगितलं होतं आणि त्या रात्री वाघांच्या खेळात निळा दिवा लागला होता. 

"मी कशाला दाबू?" आई म्हणाली आणि दाबलं. "हेच ना? खालचं, शेवटचं?"

*

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर थोरले आले. कंबरवाले थोरले. टिकलीने पोशाखाच्या जागी त्यांना लाल कोट चढवला होता, सोनेरी बटणांचा.

"अरे वा!" स्टुलावरचे थोरले म्हणाले. "माणूस आहे की कोण!"

धाकटे तेव्हा खाली गुडघ्यावर बसून डाव्या बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी मान वर केली.

लाल कोटवाले थोरले खिडकीपर्यंत गेले. परत आले.

"हे चुकलंय गं," काकू घाईने म्हणाली. "यंत्र चुकलंय. पाय कुठाय? लंगडतच नाहीत हे."

टिकली टेबलाकडे धावली, पण आईने तिचं मनगट धरलं. आईची नजर पडद्यावरून हलत नव्हती. लाल कोट वर बघत उभा राहिला. मागे गेला. पळाला. हात वर करून उडाला, आणि कोटाचे पंख पसरले. तशी उडी या घरात एकच माणूस मारत असे. धाकट्यांनी ती हजारदा समोरून, उलटं लटकून, येताना पाहिली होती.

डावा पाय टेकला. पडदा रिकामा झाला.

धाकट्यांच्या दोन्ही हातांत नाडीची दोन टोकं होती. त्यांनी मान खाली घातली, गाठ मारली, वर आणखी एक गाठ मारली, ओढून बघितली. मग उठले.

"यंत्रच आहे शेवटी," थोरले म्हणाले. आवाज बारीक होता. "काय गं टिकले? कुणाची तरी दुसऱ्याची चाल लागली असेल माझ्या अंगाला. होतं ना तसं?"

आता टिकलीने हो म्हणायचं होतं. होतं तसं, खरोखरच होतं, एकाच्या अंगावर दुसऱ्याची चाल चढवणं हाच तर तिचा धंदा. हो म्हटलं असतं तर काकू, थोरले आणि ती असे तीनजण एका बाजूला झाले असते आणि घर पुढे चाललं असतं.

"नाही काका," ती म्हणाली. "काल सकाळी तुम्हीच होता. मी सुट्टी म्हणाले, पण बंद केलं नव्हतं."

"हे असं करतेस तू?" काकू उठून उभी राहिली. "माणसं सुट्टीत असताना चोरून बघतेस? घरच्या माणसाला?"

"जाऊबाई, बसा," आई म्हणाली. एवढं शांत बोलताना तिला कुणी कधी ऐकलं नव्हतं. "तुम्हाला माहीत होतं."

"मला काय माहीत असणार!"

"यंत्र चुकलंय म्हणालात. पडद्यावर नीट चालणारा माणूस दिसला तर बाई आनंदाने ओरडेल. तुम्ही घाबरलात."

काकूने पदराने मान पुसली. ती पुसून झाल्यावर पुन्हा पुसली. मग तिच्या तोंडून जे बाहेर पडलं ते भांडणाच्या आवाजात सुरू झालं आणि वाटेत कुठेतरी खाली बसलं.

"बूट कोण स्वच्छ करतं यांचे? मी. लंगड्या माणसाची एक टाच जास्त झिजते. यांच्या दोन्ही सारख्या झिजायच्या. कुणाच्या लक्षात आलं तर? म्हणून दर महिन्याला बसायचं आणि उजव्या टाचेवर कानस मारायची. एकोणतीस वर्षं मारतेय कानस. हे सांगत नव्हते, मी विचारत नव्हते. मला काय हौस होती?"

"मी तीनदा बॅग भरली," आई म्हणाली. "तीनदा रिकामी केली. तुम्ही तेव्हा अंगणापलीकडच्या खोलीत कानस घासत होतात."

धाकटे दोघींपैकी कुणाकडेही बघत नव्हते. ते भावाकडेही बघत नव्हते. त्यांनी खिसा चाचपला, फोन आहे याची खात्री केली आणि शेडच्या दाराबाहेर पडले. दार लावूनही घेतलं, हलकेच, आत कुणी झोपलं असावं तसं.

थोरले स्टुलावर बसून होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या गोष्टी येऊन गेल्या की टिकलीला वाटलं, चेहऱ्यालाही मणी लावायला हवे होते. मग ते उठले आणि पळाले.

*

गल्लीने त्या घराचं पुष्कळ काही पाहिलं होतं, पण असं नाही. पुढून धाकटे चाललेले, हात मागे बांधून, नेहमीच्या चालीने. मागून काळ्या तंग कपड्यातले, अंगभर चकाकत्या मण्यांचे, अडुसष्ट वर्षांचे थोरले, सरळ रेषेत, दोन्ही पायांनी पळत. त्यांच्या मागे, स्टुलाशी राहिलेला त्यांचा चष्मा हातात घेऊन टिकली. न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा काढून हवेत धरला. किल्ल्या करणारा म्हणाला, "पेटलं की काय कुठे?"

गल्लीच्या तोंडाशी शाळेच्या त्या गावाकडे जाणारी बस उभी होती. ड्रायव्हर खाली वर्तमानपत्र वाचत होता. धाकटे चढले आणि मधल्या एका बाकावर खिडकीशी बसले. थोरले मागोमाग चढले आणि त्यांच्या शेजारी बसले. टिकली मागच्या बाकावर. दोघांनाही तिचं भान नव्हतं.

"खाली उतर," धाकटे म्हणाले.

"जरा दम खाऊ दे."

"केव्हा बरा झाला?"

थोरल्यांनी खिडकीबाहेर बघितलं. ते आता काहीतरी रचणार, हे टिकलीला त्यांच्या मानेवरून कळलं. कुठलातरी वैदू, कुठलातरी झरा, गुप्त ठेवायची शपथ. तिने मनातल्या मनात हात जोडले.

"दीड वर्षात," थोरले म्हणाले. "डॉक्टरने काठी टाक म्हटलं त्या दिवशी मी तुला सांगायला येत होतो. तू ओसरीवर पत्र वाचत बसला होतास. त्या मोठ्या सर्कशीचं. मला बघितलंस आणि पत्र पाठीमागे लपवलंस, आणि धावत येऊन मला खांदा दिलास. मी म्हटलं, आजचा दिवस घेऊ या. उद्या सांगू."

"आणि?"

"आणि काय. उद्याही तू आलास."

धाकट्यांनी समोरच्या बाकाची दांडी धरली.

"तू गेला असतास," थोरले म्हणाले. "तुझ्याशिवाय मी कोण होतो? अर्धा खेळ. हवेत उडायचं आणि समोर कुणी नाही. आता सांगतो तुला, कुणी बघत असलं की पाय खरंच दुखतो. देवाशपथ दुखतो. मी एकटा असलो की विसरतो."

"त्या दिवशीचं सांग."

"कुठल्या?"

"पडलास त्या. वारा सांगू नकोस."

बसमध्ये वाहक चढला होता आणि पुढच्या बाकांवर तिकिटं फाडत होता. थोरले मांडीवरचा एक मणी नखाने खरवडत राहिले. टिकलीला वाटलं, आता हे भावाला माफ करून टाकतील, चूक माझीच होती म्हणतील, आणि तीही एक थापच असेल.

"तुझा हात चुकला," थोरले म्हणाले. "अर्धा क्षण. उशिरा उघडलास. मी माझ्या जागी बरोबर होतो."

धाकट्यांनी डोळे मिटले. एकतीस वर्षं सगळ्या घराने त्यांना सांगितलं होतं की तुझी काही चूक नाही. इतक्या प्रेमाने आणि इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यांना चूक डोंगराएवढी वाटू लागली होती.

"अर्धा क्षण," ते म्हणाले.

"तेवढाच. पाय मोडला. दीड वर्षात बरा झाला."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

धाकट्यांनी डोळे उघडले, खिशातून फोन काढला, नंबर फिरवला. "नमस्कार. हो, मीच. येतोय. आजच निघालोय." पलीकडून कुणीतरी काहीतरी आनंदाचं बोललं. "हो, हो. पण एक आधीच सांगून ठेवतो. माझ्या हातून एकजण पडलेला आहे. चालेल ना? ... बरं. मग रात्री भेटू."

तेवढ्यात बसच्या दारातून आधी दोन बॅगा आल्या आणि त्यांच्या मागून आई. ती सरळ बाकापाशी येऊन उभी राहिली.

"उठा भावजी," ती म्हणाली. "ती जागा माझी आहे."

थोरले उठले. वाहक आला आणि त्याने मण्यांनी चमचमणाऱ्या म्हाताऱ्याला वरून खाली न्याहाळलं. "तीन?"

"दोन," धाकटे म्हणाले. "हे उतरतायत."

थोरले मधल्या वाटेत उभे राहिले. भाऊ पुढे आणखी काही बोलेल असं त्यांना वाटत असावं. धाकटे तिकिटं खिशात ठेवत होते, ती नीट ठेवून झाली, तरी ते खिशाकडेच बघत राहिले. 

"दादा," शेवटी ते म्हणाले, "उतरताना जपून. पायरी उंच आहे." आणि लगेच स्वतःवरच चिडल्यासारखे खिडकीकडे वळले.

*

थोरले आणि टिकली उतरले आणि बस गेली. खाली काकू उभी होती, शेडपासून तिथवर चालत आल्याने धापा टाकत. तिने नवऱ्याच्या अंगावर स्वतःची शाल टाकली. ती कमरेपर्यंतच पुरली.

"चला," ती म्हणाली.

थोरले चालू लागले. पाचव्या पावलाला डावा पाय आपोआप ओढला गेला. ते थांबले. पुन्हा निघाले. आठव्या पावलाला पुन्हा.

"काय होतंय?" टिकलीने विचारलं.

"बघतायत सगळे. आपोआप येतंय ते."

"येऊ द्या मग."

"नाही!" थोरले इतक्या जोरात म्हणाले की किल्लीवाल्याच्या हातातून किल्ली पडली. ते पुन्हा थांबले, पुन्हा निघाले. मधेच सरळ, मधेच लंगडत, पाय बदलत, स्वतःशीच भांडल्यासारखे. काकू शेजारून चालत होती. थांबले की थांबत होती.

न्हावी दारात आला. त्याच्या मागे अर्ध्या तोंडाला फेस असलेलं गिऱ्हाईक.

"काय थोरले! पाय बरा झाला वाटतं?"

थोरल्यांनी तोंड उघडलं. टिकलीने काकूकडे पाहिलं, काकूने जमिनीकडे.

"हो," थोरले म्हणाले. "साडेएकोणतीस वर्षं झाली."

न्हाव्याने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मग तो असा हसला की त्याला दाराची चौकट धरावी लागली. गिऱ्हाईकही हसलं. किल्लीवाला हसला. "आणि इतके दिवस लंगडत होते ते उगाच का हो?" न्हावी डोळे पुसत म्हणाला.

"भाऊ जाऊ नये म्हणून."

"वा! आजची फर्मास आहे हं. ती बाळंतिणीची मात्र याहून चांगली होती."

"अरे, मी खरं सांगतोय."

"तुम्ही नेहमी खरंच सांगता की!"

थोरल्यांनी शाल काकूच्या हातात दिली आणि पलीकडच्या दुकानाची पायरी चढले. तिथेही सांगितलं. तिथले तर टाळ्या वाजवून हसले. मग त्याच्या पुढच्या दुकानात. काकू आणि टिकली रस्त्यात उभ्या राहून बघत होत्या. काळ्या पोशाखातला म्हातारा एकेका दारातून आत जात होता, आतून हसण्याचा आवाज येत होता, आणि तो बाहेर पडून पुढच्या दाराकडे वळत होता, घाईघाईने, कुठला पाय कसा पडतोय याची शुद्ध नसल्यासारखा.